तळ्यात, मळ्यात आणि ग म भ न
लेखांक सहावा

बालवर्गाच्या वेळापत्रकात चित्रकलेला बहुधा शनिवारचा शेवटचा तास मिळतो. पीटीला आठवड्यातला एखादा दिवस, तोही स्नेहसंमेलन जवळ आलं की तालमीत जातो. उरलेला सगळा वेळ एबीसीडी, एक ते शंभर आणि गृहपाठाची वही. चार वर्षांच्या मुलाला गृहपाठ, हे आता वसई-विरारमध्ये कुणाला खटकतही नाही. उलट तो नसला तर ‘मग शाळेत शिकवतात तरी काय?’ असं पालकच विचारतात.

बालवर्ग भरतो ती जागा कशी असावी, हे गेल्या लेखांकात पाहिलं. आता त्या जागेत मुलानं काय करावं, हा प्रश्न.

राजोडीसारख्या गावात तो भाषेपासूनच सुरू होतो. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला कळंब आणि नवापूरच्या मधला हा किनारा शहरातल्यांना सुरूच्या बनामुळे आणि रिसॉर्टांमुळे माहीत असतो. पण उत्तर वसईच्या या पट्ट्याची खरी श्रीमंती बोलींची आहे. आसपासच्या गावांमध्ये वाडवळी बोलली जाते, सामवेदी म्हणजे कादोडी बोलली जाते आणि कोळीवाड्यांत मांगेली. आगाशीच्या बाजाराला एक फेरी मारली तरी या बोली कानावर पडतात. नालासोपारा स्टेशनकडे सरकावं तसतशी हिंदी, गुजराती, भोजपुरी त्यांत मिसळत जाते. अशा परिसरातलं मूल तिसऱ्या वर्षी घरात एक बोली बोलतं, गल्लीत दुसरी ऐकतं आणि बालवर्गात त्याच्यापुढे प्रमाण मराठी किंवा थेट इंग्रजी उभी राहते. मग ते गप्प बसतं. बाई म्हणतात, लाजरं आहे.

लाजरं नसतं ते. बोलायला लागणारे शब्द त्याच्यापाशी असतात, ते फक्त शाळेत चालत नाहीत.

अशा मुलाला बोलतं करायचा सगळ्यात स्वस्त उपाय अंगणात आहे आणि त्याला कसलं साहित्य लागत नाही. ‘तळ्यात-मळ्यात’ घ्या. जमिनीवर एक रेघ ओढली की खेळ उभा. बाई म्हणतील ‘तळ्यात’, की उडी आत; ‘मळ्यात’, की बाहेर. दोनदा लागोपाठ ‘तळ्यात’ आलं तर जागच्या जागी थांबायचं. खेळ पोरकट दिसतो, पण त्या क्षणी मूल तीन कामं एकदम करत असतं. कान देऊन शब्द ऐकतं, त्याचा अर्थ पायांपर्यंत पोचवतं आणि निघालेली उडी आवरतं. यातलं आवरणं सगळ्यात अवघड.

अमेरिकेतल्या मेगन मॅक्लेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीचा एक खेळ परीक्षेसारखा वापरला. ‘डोक्याला हात लाव’ म्हटलं की मुलानं पायाची बोटं धरायची. ‘बोटं धर’ म्हटलं की डोक्याला हात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३१० बालवर्गीय मुलं होती. ज्यांना हा उलटा हुकूम चांगला जमत होता, त्यांची शब्दसंपत्ती, अक्षरओळख आणि गणिताची सुरुवातही सरस होती. आणि वर्षभरात ज्यांची ही हातोटी जास्त वाढली, त्यांची या तिन्हींतली प्रगतीही जास्त झाली. एकामुळेच दुसरं झालं असा निकाल एवढ्यावरून देता येत नाही, हे खरं. पण उड्या मारण्यात ‘अभ्यासाचा’ वेळ वाया जातो, या समजुतीला तरी त्यानंतर फारसा आधार उरत नाही.

बडबडगीतांचंही तेच. इंग्लंडमध्ये मॅक्लीन, ब्रायंट आणि ब्रॅडली यांनी साधारण सव्वातीन वर्षांच्या ६६ मुलांना पारंपरिक बालगीतं किती येतात हे आधी पाहिलं आणि मग पुढचा काही काळ त्यांचा माग ठेवला. १९८७ साली छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना गीतं जास्त येत होती त्यांना शब्दांमधले आवाज सुटे करून ओळखणं लवकर जमलं. यमक म्हणजे अखेर काय? दोन शब्दांची शेपूट सारखी आहे, हे कानाला कळणं. ते कळलेल्या मुलाला पुढे अक्षर आणि आवाज यांची जोडी लावणं सोपं जातं. हे कानाचं शिक्षण कुठल्याही बोलीत होतं. वाडवळीतलं गाणं त्यासाठी प्रमाण मराठीतल्या गाण्याहून तसूभर कमी नाही. आजीकडून अशी चार गाणी वर्गात मागवून घेणं कुठल्याही बाईंना शक्य आहे. कल्पना मात्र क्वचितच कुणाला सुचते.

हे सगळं परदेशातून शिकून यायची गरज पालघर जिल्ह्याला तरी नव्हती. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या वेशीवर, बोर्डी आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केलं होतं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला त्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि १९३६ पासून दादरला शिशुविहारही चालवलं होतं. शहरातल्या सुखवस्तू मुलांसाठी माँटेसरी पद्धत त्यांनी रुजवलीच होती. प्रश्न खेड्याचा होता. माँटेसरीबाईंची घोटीव लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. बोर्डीत मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आणि माती ही साधनं झाली. मोजायला बिया, ओवायला फुलं, घडवायला माती. त्याच वर्षी ३५ वर्षांच्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि हयातभर तिथल्याच झाल्या.

काळही साधा नव्हता. त्याच १९४५ मध्ये जवळच्या तलासरी भागात झरी इथे वारली शेतकऱ्यांची परिषद भरली आणि किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. आईबाप जमीनदाराच्या शेतावर राबणार, मोठी मुलं गुरांमागे, मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. अशा घरातलं मूल शाळेत येणार कसं? येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. पाड्यावरच्या अंगणात भरणारी बालवाडी इथे उभी राहिली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि देशभरच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. भावंड पाळणाघरात ठेवलं की थोरली बहीण वर्गात बसायला मोकळी. जी मुलं गुरं सोडून येऊच शकत नव्हती त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरताहेत आणि शेजारी शाळा भरली आहे. आजच्या पालकांना कदाचित नवल वाटेल, पण इथल्या बालवाडीचा दिवस हातपाय धुणं, नखं काढणं, केस विंचरणं यानं सुरू होई. शरीराकडे आधी पाहायचं आणि मग गाणी, गोष्टी, हस्तकाम. वेगळा पीटीचा तास कशाला हवा होता?

याच परिसरात एका मुलाची गोष्ट घडली. १९३४ साली जन्मलेल्या जिव्या सोमा मशे यांची आई ते सात वर्षांचे असताना गेली आणि त्या मुलानं बोलणं सोडलं. जे सांगायचं ते तो धुळीत बोटानं काढून दाखवी. वारली चित्रं तोवर लग्नघराच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायची आणि ती सुवासिनींनी काढायची. मशे यांनी ती रोजच्या जगण्याची चित्रं केली, देशोदेशी नेली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. हा अपवादात्मक प्रतिभेचा माणूस. प्रत्येक गप्प मुलात मशे शोधू नयेत. पण सात वर्षांच्या मुलाला शब्दांखेरीज दुसरी वाट मोकळी असली तर तो त्या वाटेनं सांगत राहतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

वारली चित्रात मुख्यतः वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेघ एवढंच असतं. लहान मूलही साधारण तेवढंच काढतं आणि अक्षरंही त्यातूनच होतात. मराठी पाटीवर पहिला धडा ‘क ख ग’चा नसून ‘ग म भ न’चा, यामागे वर्णमालेपेक्षा हाताचा विचार आहे. ही अक्षरं वळणाला एकमेकांच्या जवळची, चारहीमध्ये उजवीकडे काना. उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ आणि गाठ एवढं हातात बसलं की ‘ग’पासून ‘न’पर्यंत जाता येतं. आणि रेघ हातात बसते ती कागद फाडून, पिठाच्या गोळ्या वळून, मणी ओवून. बोटांत बळ यायच्या आधी पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळतं आणि दोन ओळींत हात दुखतो. माँटेसरीबाईंच्या खोलीत मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत. राजोडीत तेच काम भरती ओसरल्यावरची ओली वाळू फुकट करते.

कागदोपत्री आता या सगळ्याला कुणाचाच विरोध नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानतं. २०२२ च्या ऑक्टोबरात आलेल्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात शरीर, भावना, बुद्धी, भाषा आणि सौंदर्यदृष्टी यांना शेजारी शेजारी बसवलं आहे आणि सुरुवात घरच्या भाषेतून, तीही तोंडी, करावी असं म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली तासभर तरी धावपळीची. पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे महाराष्ट्रातले शासननिर्णय २०२५ च्या जूनअखेर मागे घेतले गेले, तेव्हा लहान मुलांच्या भाषेवर जोरदार चर्चा झाली. त्याच मुलांची चित्रकला आणि खेळाचा तास यांवर मात्र कुणी मोर्चा काढला नाही.

अडचण दुसरीकडे आहे. अंगणवाडी सेविकेला मुलांची वजनं-उंच्या घ्यायच्या, पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी भरायच्या, गरोदर बायकांच्या घरी जायचं, आहार वाटायचा, शिवाय वेळोवेळची सर्वेक्षणं. खाजगी नर्सरीतल्या बाईंवर पालकांच्या वहीतपासणीचा धाक. दोघींनाही तळ्यात-मळ्यात चांगलं येतं. त्यासाठी प्रशिक्षण नको, अर्धा तास हवा. तो अर्धा तास शनिवारी शेवटी न देता रोज सकाळी पहिला द्यायचा ठरवला, तर वहीतलं एक पान कमी भरेल. त्या कोऱ्या पानाबद्दल पालकसभेत बाईंनी काय सांगायचं, हा पुढच्या आठवड्याचा विषय.