घरी बसून चालणार नव्हतं

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे हैदराबादची कॉलेजं बंद झाली, तेव्हा थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या विद्यार्थ्यांपुढे वेगळाच पेच होता. बाहेर पडावं तर संसर्गाची भीती (प्लीहा काढलेली असेल तर जास्तच), घरी बसावं तर हिमोग्लोबिन खाली. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. 1998 पासून काम करणारी इथली थॅलेसेमिया अँड सिकल सेल सोसायटी हा अशा रुग्णांचा मोठा आधार. पण रक्त आणायचं कुठून? शिबिरं भरतात कॉलेजांत नि ऑफिसांत, आणि तीच बंद! साठवावं म्हटलं तर लाल पेशींची पिशवी टिकते जेमतेम 35 ते 42 दिवस. रक्त मिळालं, की एका हाताला सुई, दुसऱ्या हातात मोबाइलवर लेक्चर, असे तीन-चार तास काढायचे.

मला सर्वांत खटकतं ते लसीचं. 1 मार्च 2021 पासून सहव्याधी असलेल्यांना लस मिळू लागली. यादीत थॅलेसेमिया मेजरही होता, पण वयाची अट 45 ते 59! विशीतल्या मुलांना 1 मे उजाडेपर्यंत थांबावं लागलं, तेही दुसरी लाट ऐन भरात असताना.

कोरोना सरला, तरी सुट्ट्यांमुळे उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा आजही पडतो. एप्रिल-मेमध्ये जवळच्या रक्तपेढीत एकदा नक्की रक्तदान करून या.