दूरस्थ मानसोपचार आणि ऑस्ट्रेलियातील गृहस्थाश्रम

मेलबर्न

ज्या देशात शेजाऱ्याचे घर गाठण्यासाठी कित्येकदा दिवसभर मोटार हाकावी लागते, त्या देशात वैद्याने रोग्यापर्यंत आवाजाच्या वाटेने पोहोचावे ही तजवीज भूगोलाच्या निकडीतूनच जन्माला आली, हे ध्यानात घेतल्यावाचून येथील ऑनलाइन थेरपीचे मर्म उमगत नाही. नॉर्दर्न टेरिटरी हा येथील एक प्रांत महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, आणि वस्ती मात्र अडीच लाखांच्या आसपास. जॉन फ्लिन नावाच्या धर्मोपदेशकाने १९२८ साली क्लॉनकरी या गावातून विमानाने डॉक्टर पाठविण्याची सेवा सुरू केली, आणि पुढल्याच वर्षी ॲल्फ्रेड ट्रेगर याने पायांनी पेडल मारून चालविण्याचा रेडिओ दूरदूरच्या पशुपालकांच्या घरी नेऊन बसविला. पुढे अशा घरांतून औषधांची पेटी ठेवण्याची पद्धत पडली. पेटीतल्या प्रत्येक औषधाला क्रमांक असे, आणि शेकडो मैलांवरचा डॉक्टर लक्षणे ऐकून घेऊन अमुक क्रमांकाचे औषध द्या, असे रेडिओवरून सांगे. १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे याच रेडिओलहरींवर मुलांची शाळाही भरू लागली.

परंतु त्या रेडिओवरचे बोलणे साऱ्या पंचक्रोशीला ऐकू जाई. कोणाला ताप आला, कोण अडली, हे ज्याच्याजवळ यंत्र होते त्या प्रत्येकास कळे. देहाच्या व्याधीला ते चालून गेले. मनाच्या व्यथेला ते चालण्यासारखे नव्हते. १९६३ साली सिडनीत ॲलन वॉकर यांनी लाइफलाइन ही टेलिफोन-सेवा काढली, तेव्हा दूरच्या माणसाचे दुःख एकाच कानाने ऐकण्याची सोय झाली, आणि आजच्या पद्धतीचा खरा पाया मी तेथे पडला असे समजतो.

सध्याचा सरकारी बंदोबस्त २००६ च्या नोव्हेंबरात अमलात आला. ज्याला मनाचा ताण असह्य होतो, त्याने प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, म्हणजे जी.पी.कडे, जावयाचे. तेथे बहुधा दहा प्रश्नांचा एक तक्ता पुढे येतो: गेल्या चार आठवड्यांत विनाकारण थकवा किती वेळा वाटला, अस्वस्थता किती वेळा, निराशा किती वेळा, अशा प्रश्नांना ‘कधीच नाही’पासून ‘सदासर्वकाळ’पर्यंत पाचांपैकी एक उत्तर द्यावयाचे. त्यावरून आणि प्रत्यक्ष बोलण्यावरून डॉक्टर उपचाराचा आराखडा लिहून देतो, आणि मग मानसशास्त्रज्ञाबरोबरच्या बैठकींसाठी मेडिकेअर या सरकारी योजनेतून वर्षाला दहा बैठकींपर्यंत काही रकमेचा परतावा मिळतो. पूर्वी त्यासाठी समोरासमोर बसणे आवश्यक असे. २०१७ साली दूरच्या ग्रामीण भागास व्हिडिओवरून भेटण्याची मुभा मिळाली, २०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या धामधुमीत ती सर्वांना लागू झाली, आणि २०२२ पासून ती कायम झाली. हा परतावा पुरेसा आहे असे मात्र म्हणवत नाही. बैठकीची फी पुष्कळ ठिकाणी दोनशे ते तीनशे डॉलरांच्या घरात जाते, आणि उरलेली रक्कम ज्याच्या त्याच्या खिशातून जाते.

बैठकीची सुरुवात येथे ज्या रीतीने होते ती मला फार विचारपूर्वक घातलेली वाटते. पडद्यावर चेहरा उमटल्यावर मानसशास्त्रज्ञ प्रथम विचारतो की आपण आत्ता कोणत्या पत्त्यावर आहात, खोलीत दुसरे कोणी आहे काय, मध्येच संपर्क तुटला तर कोणत्या क्रमांकावर फोन करू, आणि प्रसंग गंभीर झाल्यास कोणाला कळवू. जे बोलले जाईल ते गुप्त राहील. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल अथवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर ही गुप्तता मोडावी लागेल, हेही तो आरंभीच स्पष्ट करतो. खोलीत कोणी आहे काय, हा प्रश्न आपल्या मराठी घरांत सर्वांत अवघड ठरतो. दोन शयनगृहांच्या घरात पती, पत्नी, तान्हे मूल, आणि नातवाला सांभाळण्यासाठी पुण्याहून किंवा नाशिकहून आलेले आईवडील; सूनबाईंना जे सांगावयाचे आहे ते सासूबाईंसंबंधी, आणि सासूबाई भिंतीपलीकडे भाजी निवडीत बसलेल्या. अशा वेळी कित्येक जण घराबाहेर उभ्या केलेल्या मोटारीत जाऊन, काचा वर करून, फोन चाकाजवळ टेकवून बोलतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मला सांगितले की, सबंध घरात रडता येईल अशी तेवढीच जागा त्यांना सापडली होती. तंत्रज्ञानाने मैलांचे अंतर मिटविले. एका छपराखालचा एकांत काही त्याला देता आला नाही.

दुसरी अडचण कायद्याच्या रचनेतली आहे. मेडिकेअरचा परतावा निदान झालेल्या मनोविकाराला मिळतो. पतिपत्नींचा बेबनाव हा विकार नव्हे, म्हणून दांपत्य-समुपदेशन स्वतंत्रपणे त्यात बसत नाही. त्यासाठी २००६ पासूनच सरकारने कुटुंब-संबंध केंद्रांची निराळी व्यवस्था उभारली, आणि मुलांच्या ताब्याचा तंटा न्यायालयात नेण्यापूर्वी, हिंसाचारासारखे अपवाद सोडून, उभयतांनी मध्यस्थासमोर तडजोडीचा प्रयत्न केला पाहिजे असा दंडक घातला. हे काम फोनवरून वा व्हिडिओवरूनही होऊ शकते. व्यवस्था चांगली आहे, परंतु संसारात झोप उडणे आणि भांडण होणे ही एकाच दुखण्याची दोन अंगे असतात, आणि त्यांना दोन निरनिराळ्या दप्तरांत नोंदविल्याने माणूस दोहोंच्या मध्येच रेंगाळतो, असे मला पुष्कळदा दिसले आहे.

या दृष्टीने २०२३ च्या मार्चपासून झालेली एक लहानशी सुधारणा मी मोलाची मानतो. त्या दहांपैकी दोन बैठका, रुग्णाच्या संमतीने, त्याची देखभाल करणाऱ्या आप्ताबरोबर घेता येतात. आपल्याकडचा माणूस कधीच एकटा आजारी पडत नाही. त्याच्या दुखण्यात वडिलांचा शब्द, आईचा अबोला, भावाचे कर्ज हे सारे गुंतलेले असते. मुलाला काय होते आहे हे वडिलांना एखाद्या जाणत्या माणसाने शांतपणे समजावून सांगावे, यासाठीच ही तरतूद आहे, आणि आपल्या कुटुंबांनी ती न संकोचता वापरावी असे मला मनापासून वाटते. इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांसाठी दुभाष्याची मागणी करण्यातही कमीपणा नाही. १९७३ पासून या देशात टेलिफोनवरून दुभाषा देण्याची सरकारी सेवा आहे.

कोणाशी बोलावे, याबाबत मात्र सावधगिरी हवी. ‘सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी येथे कायद्याने संरक्षित आहे. नोंदणी नसलेल्याने ती लावणे गुन्हा ठरतो, आणि कोणाचीही नोंदणी सार्वजनिक पटावर घरबसल्या तपासता येते. ‘काउन्सेलर’ या पदवीला तसे संरक्षण नाही. त्यांत उत्तम, अनुभवी माणसे पुष्कळ आहेत, परंतु नावापुढचा शब्द वाचून विश्वास ठेवता येत नाही. शिक्षण कोठे झाले, कोणत्या व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व आहे, तक्रार कोणाकडे करावी, हे आधी विचारून घेणेच श्रेयस्कर.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती येथे शिकावयास आलेल्या आपल्या मुलामुलींची. विद्यार्थी-व्हिसावर येणाऱ्यांना मेडिकेअर लागू नाही. घरी कर्ज, येथे रात्रपाळीची नोकरी, आणि आईच्या प्रत्येक फोनला ‘मी मजेत आहे’ हे एकच उत्तर. बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य समुपदेशन आहे, ते फोन वा व्हिडिओवरूनही मिळते, आणि त्याचा उल्लेख गुणपत्रिकेवर कोठेही होत नाही. प्रवेश मिळाल्यावर राहण्याच्या जागेची चौकशी होते तशी या सोयीचीही निघण्यापूर्वीच करावी, आणि लाइफलाइनचा १३ ११ १४ हा क्रमांक आईवडिलांनीच मुलाच्या फोनमध्ये नोंदवून द्यावा. तो अहोरात्र चालू असतो, आणि तेथे कोणी व्हिसा विचारीत नाही.