बोलके खेळणे : आवाज न साठवता उच्चार कसा होतो?

१९७८ साली अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ‘स्पीक अँड स्पेल’ हे खेळणे आणले. ते इंग्रजी शब्द उच्चारी, मूल कळा दाबून स्पेलिंग लिही आणि उत्तर बरोबर की चूक हेही खेळणेच बोलून सांगे. त्याआधीच्या बोलक्या बाहुल्यांत छोटी ध्वनिमुद्रिका फिरत असे. येथे फिरणारा भागच नव्हता. नियंत्रक, ध्वनिसंश्लेषक आणि दोन रॉम अशा चार चिपवर सारे काम चाले.

अडचण

आधी एक हिशेब करा. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज साठवायचा तर सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ८ बिट, म्हणजे ६४,००० बिट लागतात. दोन्ही रॉमची क्षमता मिळून २,६२,१४४ बिट होती. त्यात जेमतेम चार सेकंदांचे बोलणे मावले असते.

उपाय

आता ‘आ’ एकदा मोठ्याने आणि एकदा कुजबुजत म्हणा. तोंडाचा आकार तोच राहतो, फक्त गळ्यातील कंप थांबतो. मग मोठ्याने ‘आ’वरून ‘ई’वर या. आता कंप तोच राहतो, तोंडाचा आकार बदलतो. म्हणजे उच्चाराचे दोन भाग वेगळे करता येतात : ध्वनीचा उगम आणि त्याचा मार्ग.

संश्लेषक चिप हेच करते. सघोष ध्वनीसाठी ती ठरावीक अंतराने स्पंद निर्माण करते आणि अघोष ध्वनीसाठी गोंगाट. हा संकेत दहा टप्प्यांच्या फिल्टरमधून जातो. फिल्टरचे दहा गुणांक घसा, जीभ व ओठ यांच्या त्या क्षणीच्या आकाराचे काम करतात. रॉममध्ये आवाज नसतो, फक्त या आकड्यांच्या चौकटी असतात. दर २५ मिलिसेकंदांना एक चौकट वाचली जाते :

- ऊर्जा : ४ बिट
- पुनरावृत्तीची खूण : १ बिट
- स्वराची उंची : ५ बिट
- दहा गुणांक : ३९ बिट

एकूण ४९ बिट. अघोष ध्वनीला पहिले चारच गुणांक पुरतात, म्हणून २८ बिट. आधीचेच गुणांक वापरायचे असतील तर १० बिट आणि शांततेला फक्त ४ बिट. सेकंदाला ४० चौकटी धरल्या तरी १,९६० बिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. चार सेकंदांच्या जागेत आता दोन मिनिटांहून अधिक बोलणे मावते.

गुणांक काढण्याच्या पद्धतीला रेखीय पूर्वानुमान म्हणतात : मागील दहा नमुन्यांवरून पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधायचा. जपानमध्ये इटाकुरा व सायटो आणि अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये कानपूरचे बिष्णू अटल यांनी या पद्धतीचा पाया घातला.

मर्यादा

वाक्यातला एखादा शब्द अस्पष्ट असला तरी आपण संदर्भाने ओळखतो. येथे मात्र मुलाला सुटा शब्द ऐकून लिहायचा असे. ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी येत नाही आणि ‘स’ व ‘फ’ यांतील फरक बराचसा तिथेच असतो. उच्चार चुकीचा ऐकू आला, तर स्पेलिंग येत असूनही मूल चुकीचे ठरे. म्हणून जागा वाचवताना कोणते बिट सोडायचे, हा निर्णय केवळ गणिताचा नव्हता.

मोबाईलवरील संभाषणाच्या अनेक संकेतन पद्धती आजही उगम आणि मार्ग वेगळे करूनच काम करतात.

स्वयंअध्ययन

अर्ध्या सेकंदाचा, पूर्णपणे सघोष आणि पुनरावृत्ती नसलेला उच्चार साठवायला किती बिट लागतील? नमुने थेट साठवले असते तर किती लागले असते?