आधी दुरुस्ती, मग बिघाड

संपादकांचा फोन मोजून दीड मिनिटाचा. चंद्रावर आपलं आपण उतरणाऱ्या यंत्रांवर लेख हवा, आणि तो वर्ध्यात बसून लिहिलेला हवा. वर्ध्यात कापूस आहे, सेवाग्राम आहे, पुलगावचा दारूगोळा आहे. चंद्राशी आमचा संबंध कोजागिरीच्या दुधापुरता. दोन दिवस 'विक्रम'बद्दल मिळेल ते वाचलं आणि तिसऱ्या दिवशी डोकं जड झालं म्हणून मगनवाडीत जाऊन आलो.

मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी खुलं केलं. तिथल्या चरख्यांसमोर उभं राहिलो की मला ते बक्षीस आठवतं. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपये लावले होते. अटी वाचण्यासारख्या आहेत. बाईमाणसाला आठ तास सलग, फारसं न थकता चालवता आला पाहिजे. त्या आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. यंत्र वीस वर्षं टिकलं पाहिजे आणि डागडुजीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. किर्लोस्करवाडीतही त्यासाठी खटपट झाली. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

(२००७ मध्ये गूगलच्या पैशांवर असंच एक बक्षीस जाहीर झालं: खासगी यंत्र चंद्रावर उतरवा, पाचशे मीटर चालवा, दोन कोटी डॉलर घेऊन जा. बेंगळुरूची 'टीम इंडस' त्यात शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी एक. मार्च २०१८ ला मुदत संपली. तेही बक्षीस तसंच पडून राहिलं.)

पण माझं लक्ष त्या पाच टक्क्यांवर अडकलं. यंत्र बिघडणार हे गृहीत धरून, ते कोण आणि कितीत नीट करणार हे आधीच ठरवून मागितलेलं यंत्र. आमच्या गल्लीच्या तोंडाशी विहिरीच्या मोटारी भरून देणारे एक काका आहेत. जळलेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी भरायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. त्यांना मी काय लिहितोय ते सांगितलं. तार गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "बिघडली त काढाले कोन जाते जी तिथं?"

कुणी जात नाही. या विषयाची सगळी अडचण तेवढीच आहे.

महाराष्ट्राचा वाटा सांगायचा तर एका परिच्छेदात आटोपतो. साखर कारखान्यांची यंत्रं करणाऱ्या वालचंदनगरने रॉकेटच्या घन इंधनाच्या बूस्टरची कवचं घडवली, विक्रोळीच्या गोदरेजने विकास इंजिनं. १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ उडालं, १७ ऑगस्टला विक्रम लँडर मूळ यानापासून सुटला, २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी उतरला. वर्ध्यात त्या वेळी दिवेलागण व्हायची होती आणि चहाच्या टपऱ्यांवर मोबाइलभोवती डोकी जमली होती. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मला खिळवून ठेवलं ते शेवटच्या एकोणीस मिनिटांनी. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून लांब. तिथला संदेश यायला आणि इथला हुकूम परत जायला मिळून अडीच सेकंदांच्या वर लागतात. उतरायला सुरुवात करताना विक्रमचा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर होता. म्हणजे बेंगळुरूत कुणी 'थांब' म्हणून बटण दाबायच्या आत स्वारी वर्ध्याहून निघून सेवाग्रामच्या निम्म्या वाटेवर पोचलेली. म्हणून शेवटचे आदेश आधीच चढवून ठेवायचे आणि मग नियंत्रण कक्षातल्या सगळ्यांनी प्रेक्षक व्हायचं.

यंत्राला एकट्याने काय करायचं असतं? तीस किलोमीटरांवरून आडवं धावत असताना वेग मारायचा. हवा नाही, त्यामुळे पॅराशूट नाही. पुढच्या दिशेने इंजिनं पेटवून स्वतःला मागे रेटायचं. साडेअकरा मिनिटं हे चालतं. या वेळात आपण कुठे आहोत हे ते मुख्यतः हिशेबानेच ठरवतं: इतका जोर लावला, इतका वेळ लावला, म्हणजे इतकं आलो असणार. डोळे मिटून पावलं मोजत घरात फिरण्यासारखं. पहिली दहा पावलं बरोबर पडतात, पन्नासाव्या पावलाला नाक कपाटावर आदळतं. म्हणून खाली आल्यावर डोळे उघडावे लागतात. लेझर आणि रडार उंची मोजतात, कॅमेरे खालच्या खड्ड्यांची ओळख पटवतात, आणि हिशेब कुठे चुकला ते कळतं.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, चांद्रयान-२ च्या वेळी, नेमकं इथेच फिसकटलं. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांचे अश्रू देशाने पाहिले. पुढे अध्यक्ष झालेले एस. सोमनाथ यांनी कारणं सांगितली ती फार थोड्यांनी वाचली असतील. मला तीच जास्त हलवून गेली. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला. त्याच वेळी कॅमेऱ्याला फोटो घेता यावेत म्हणून यान स्थिर ठेवायचं होतं, त्यामुळे चूक तिथल्या तिथे सुधारता येईना. ती साठत गेली. फोटोंचा तो टप्पा संपल्यावर यानाला सगळं एकदम निस्तरायचं होतं, झटकन वळायचं होतं, आणि वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरनेच मर्यादा घातलेली होती. वर उतरायची जागा पाचशे मीटर लांब, पाचशे मीटर रुंद, एवढीच. जमीन जवळ आली तरी ते बिचारं त्या चौकोनात पोचण्यासाठी वेग वाढवत होतं. आज्ञाधारकपणाने मेलेलं यंत्र, असं मी वहीत लिहिलं आणि मग खोडलं. पण डोक्यातून जात नाही.

त्यानंतर चार वर्षं जे चाललं, त्याला मी दुरुस्ती म्हणतो. फक्त ती अजून न झालेल्या बिघाडांची दुरुस्ती होती. पाचातलं मधलं इंजिन काढून टाकलं. उतरायची जागा चार किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. पाय सेकंदाला दोन मीटरऐवजी तीन मीटर वेगाचा दणका सोसतील असे केले. इंधन वाढवलं, सौर पत्रे चारही बाजूंना लावले. जमिनीच्या संदर्भात आपला वेग किती, हे सरळ मोजणारं लेझरचं एक नवं उपकरण बसवलं. उपकरणं हेलिकॉप्टरला बांधून उडवून पाहिली, क्रेनला टांगून पाहिली. सोमनाथांनी उतरण्याआधी सांगितलं होतं की सगळे सेन्सर गेले आणि दोन इंजिनं बंद पडली, तरी हे उतरेल अशी रचना केली आहे. त्या संध्याकाळी यान दीडशे मीटरांवर अधांतरी थांबलं, खाली धोंडे-खड्डे आहेत का ते कॅमेऱ्याने पाहिलं, आणि मग उतरलं. कुठल्याही आकड्यापेक्षा मला ते थांबणं जास्त आवडतं.

काकांना हे सगळं सांगितलं, तर त्यांचं मन भलतीकडेच. मीटर किती लावलेत? पाच-सहा, म्हटलं. "मंग येक खोटं बोललं त?"

हा प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. मोटर तपासताना ते अँपिअरचा काटा बघतात आणि कानही लावतात. "नुसतं मीटर पाहून चालत नाई भाऊ, आवाज बी ऐकाले लागते." एप्रिल २०२३ मध्ये जपानी कंपनीचं 'हाकुतो-आर' नेमकं यातच गेलं. उतरताना ते एका विवराच्या कडेवरून पलीकडे आलं आणि खालची जमीन एकदम तीन किलोमीटर खोल गेली. उंची मोजणाऱ्या उपकरणाने खरं तेच सांगितलं. सॉफ्टवेअरला वाटलं, एवढा फरक पडणं शक्य नाही, उपकरणच बिघडलंय. त्याने खरा आकडा फेकून दिला आणि हिशेबाच्या आकड्यावर विश्वास ठेवला. जमिनीला टेकलो असं समजून यान पाच किलोमीटर उंचीवर रेंगाळलं, इंधन संपलं, पडलं. उतरण्याची जागा मधल्या काळात बदलली होती आणि नव्या जागेच्या वाटेवरची ती कडा तालमीत पुरती आलीच नव्हती.

मग मी काकांना बाकीचीही वरात सांगितली. रशियाचं 'लूना-२५': ८४ सेकंद चालायचं इंजिन १२७ सेकंद चाललं, विक्रमच्या चारच दिवस आधी कोसळलं. अमेरिकी कंपनीचं 'ओडिसियस', फेब्रुवारी २०२४: उंची मोजणाऱ्या लेझरची सुरक्षा-कळ उड्डाणाआधी काढायची राहून गेली, ती हातानेच काढता येत होती आणि हात तर इथे. उतरलं, पण कलंडलं. त्याच कंपनीचं पुढचं यान मार्च २०२५ मध्ये पुन्हा आडवं झालं. जपानी कंपनीचं दुसरं यान जून २०२५ मध्ये पडलं. या खेपेला लेझरने उंची सांगायलाच उशीर केला. कळीची गोष्ट ऐकून काका हसले नाहीत. त्यांच्या दुकानातही स्टार्टरची कळ विसरून अख्खी मोटर खोलल्याचे किस्से आहेत.

आपल्यापुढचं काम तर याहून अवघड आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये चांद्रयान-४ ला २१०४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यात उतरायचं, माती उचलायची, तिथून पुन्हा उडायचं, कक्षेत दुसऱ्या यानाला जोडून घ्यायचं आणि पृथ्वीवर परतायचं. प्रत्येक सांध्यावर तोच प्रश्न. विक्रमने ३ सप्टेंबर २०२३ ला इंजिनं पुन्हा पेटवून चाळीस सेंटिमीटरची उडी मारून दाखवली, हीच त्या परतीच्या वाटेवरची आपली पहिली जमा.

आणि रात्र राहिलीच. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची, थंडी उणे शंभराच्या खूप खाली. विक्रमसोबतची प्रज्ञान बग्गी शंभर मीटरांहून जास्त फिरली, मग २ सप्टेंबरला तिला आणि ४ ला विक्रमला झोपवलं. २२ सप्टेंबरपासून हाका मारल्या. ओ आली नाही. ती थंडी सोसायला त्यांना बनवलंच नव्हतं. तरी त्या आठवड्यात रोज सकाळी पेपर उघडताना मी आधी तीच बातमी शोधायचो.

विक्रमच्या माथ्यावर नासाने दिलेली एक वस्तू आहे. पाच सेंटिमीटर रुंदीचा ॲल्युमिनियमचा घुमट, त्यात आठ लोलक. कुठूनही प्रकाश टाका, आल्या वाटेने परत फेकतात. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने शंभर किलोमीटरांवरून तिच्यावर लेझर सोडला आणि उत्तर परत आलं. वीज लागत नाही, देखभाल लागत नाही, अनेक दशकं चालेल असं म्हणतात.

काकांनी तार दाताने तोडली. "मोटर हाय का त्यात?"

"नाही."

"मंग चालन," ते म्हणाले आणि पुढची मोटर उचलली.