टीकाकार चुकला म्हणून शेअर स्वस्त होत नाही

परवा ड्रॉवर आवरताना रिलायन्सचा 2003 सालचा सीडीएमए फोन सापडला. त्याच दिवशी एक मित्र तावातावाने सांगत होता, "विश्लेषकांना काय कळतंय? शेअर घ्यायचा आणि विसरायचं!" या दोन्हींना जोडणारी एक गोष्ट आठवली, म्हणून ही पोस्ट.

सीडीएमए हे तंत्र मोबाइलसाठी व्यवहारात आणलं सॅन दिएगोच्या क्वालकॉमने. 1985 ची कंपनी, संस्थापकांत अर्विन जेकब्स आणि अँड्र्यू व्हिटर्बी.

कल्पना अशी: लग्नाच्या पंगतीत सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या भाषांत बोलतात, तरी कोपऱ्यातलं कोकणी आपल्याला बरोबर ऐकू येतं. इथे भाषेऐवजी प्रत्येक कॉलचा वेगळा कोड. सगळ्यांचे कॉल एकाच फ्रिक्वेन्सीवर.

अनेक जाणकार म्हणायचे, कागदावर ठीक आहे, गर्दीत चालणार नाही. पण ते चाललं. 1995 मध्ये हाँगकाँगला व्यावसायिक सेवाही सुरू झाली. साहजिकच क्वालकॉमच्या भागधारकांच्या मनात बसलं, की टीका करणारा एकतर अडाणी, नाहीतर जीएसएम या स्पर्धक तंत्रवाल्यांचा माणूस!

1999 मध्ये शेअर 26 पटींहून जास्त वाढला. वर्षअखेरीस पेनवेबर या ब्रोकरेज कंपनीच्या विश्लेषकाने 1000 डॉलरचं लक्ष्य दिलं (लगेच झालेल्या शेअर विभाजनानंतर 250). या विश्लेषकावर मात्र कोणी शंका घेतली नाही. गंमतच आहे.

जानेवारी 2000 मधला 200 डॉलरचा उच्चांक ओलांडायला, नंतरचं विभाजन हिशेबात धरून, सुमारे 20 वर्षं लागली. तंत्रज्ञान दरम्यान थ्रीजीच्या पायात जाऊन बसलं होतं.

मित्राला मी एवढंच विचारलं: टीका तंत्रावर आहे की भावावर?

काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा. टिप्स मात्र मागू नका!