तांब्याच्या टेकडीवरील शहर

विजेचें बटण दाबलें कीं दिवा लागतो. दिव्याचा शोध कोणीं लावला, हें शाळेंतील मुलालाहि सांगतां येतें. परंतु ज्या तारेंतून ती वीज घरापर्यंत येते, त्या तारेचें तांबें कोणत्या डोंगरांतून निघालें, तें काढणारीं माणसें कशीं जगलीं आणि तें काढून नेल्यावर त्या डोंगराचें काय झालें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माँटाना या डोंगराळ राज्यांत, रॉकी पर्वताच्या रांगांत, ब्यूट नांवाचें एक शहर आहे. त्याचा इतिहास म्हणजे या चौकशीला मिळालेलें एक सविस्तर उत्तरच होय.

ब्यूट हें समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांच हजार फूट उंचीवर वसलें आहे. ज्या पर्वतधारेच्या एका अंगाचें पाणी पॅसिफिक महासागराकडे व दुसऱ्या अंगाचें अटलांटिकाकडे वाहत जातें, ती धार शहराच्या पूर्वेस लागूनच आहे. हिवाळा अत्यंत कडक, शेतीला जमीन प्रतिकूल आणि समुद्र शेंकडों मैल दूर. अशा जागीं मोठें शहर वसावें असें कोणतेंहि कारण जमिनीच्या पृष्ठभागावर दिसत नव्हतें. जें कारण होतें तें जमिनीच्या पोटांत दडलेलें होतें.

१८६४ सालीं सिल्व्हर बो नांवाच्या ओढ्याच्या वाळूंत सोन्याचे कण सांपडले व तेथें खाणकऱ्यांची वस्ती झाली. वाळूंतील सोनें थोड्याच वर्षांत सरलें आणि गांव जवळजवळ ओस पडलें. पुढें १८७५ च्या सुमारास चांदीच्या खाणी सुरू झाल्या, तेव्हां माणसें परतलीं. चांदीच्या ओढीनें १८७६ सालीं आलेल्यांत मार्कस डेली हा एक होता. आयर्लंडांत जन्मलेला हा मुलगा पंधरा वर्षांचा असतांना रिकाम्या खिशानें अमेरिकेंत उतरला आणि खाणींत काम करतां करतां खडकाची पारख शिकला. ॲनाकोंडा नांवाची एक खाण त्यानें चांदीसाठीं म्हणून घेतली. १८८२ सालीं तेथें सुमारें तीनशें फूट खालीं तांब्याची जाड शीर लागली. चांदीच्या मानानें तांबें म्हणजे हलकी धातु. दुसरा एखादा खाणमालक कदाचित् हिरमुसला असता. परंतु त्याच वर्षीं न्यूयॉर्क शहरांत एडिसनचें वीजकेंद्र सुरू झालें होतें, आणि आदल्याच वर्षीं ब्यूटला रेल्वे येऊन पोंचली होती. तांबें, तांब्याची गरज आणि तें वाहून नेण्याचें साधन हीं तिन्ही एकाच वेळीं जुळून आलीं व शहराचें दैव उघडलें.

डेलीनें पश्चिमेस सुमारें पंचवीस मैलांवर धातु वितळविण्याच्या प्रचंड भट्ट्या उभारल्या आणि त्यांच्याभोवतीं ॲनाकोंडा याच नांवाचें गांव वसविलें. १८९६ च्या सुमारास साऱ्या जगांत निघणाऱ्या तांब्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या ब्यूटमधून निघत होता. 'पृथ्वीवरील सर्वांत श्रीमंत टेकडी' असें तिचें नांव पडलें. आयर्लंड, कॉर्नवॉल, फिनलंड, इटली, सर्बिया, क्रोएशिया अशा कितीतरी देशांतून मजूर आले. खाणींतील सूचना अनेक भाषांत लिहाव्या लागत. चिनी लोकहि आले. त्यांनीं खाणावळी, धुलाईचे कारखाने व दुकानें चालविलीं. पुढें त्यांच्यावर बहिष्कार घालण्याची चळवळ झाली, तेव्हां त्यांनीं न्यायालयांत दाद मागितली आणि ती मिळविली. १९२० च्या शिरगणतींत शहराची वस्ती एकेचाळीस हजारांवर व सभोंवतालच्या परगण्यासह साठ हजारांवर भरली. या वैभवाची किंमत मात्र पहिल्यापासूनच द्यावी लागली. धातूचे दगड प्रारंभीं उघड्यावर ढीग रचून भाजीत. त्यांतून गंधकाचा व सोमलाचा धूर इतका दाट निघे कीं भर दिवसां दिवे लावावे लागत, आणि गांवांतील झाडेंझुडपें जळून गेलीं होतीं.

जेथें संपत्ति एका टेकडींत सांठलेली असते, तेथें टेकडीचा धनी कोण, हाच राजकारणाचा एकमेव प्रश्न होऊन बसतो. डेली, विल्यम क्लार्क व ऑगस्टस हाइन्झ्ये या तिघांना लोक 'ताम्रसम्राट' म्हणत. क्लार्कला संयुक्त संस्थानांच्या वरिष्ठ सभेंत बसावयाचें होतें. त्या वेळीं या सभासदांची निवड राज्यांच्या विधिमंडळांकडे असे. १८९९ सालीं त्याची निवड झाली, परंतु ती पैसे चारून झाल्याचा बोभाटा होऊन चौकशी झाली व १९०० सालीं त्याला राजीनामा द्यावा लागला. पुढें १९१३ सालीं घटना दुरुस्त होऊन ही निवड प्रत्यक्ष लोकांकडे आली. त्या सुधारणेसाठीं जीं उदाहरणें पुढें केलीं जात, त्यांत क्लार्कचें एक असे.

हाइन्झ्येचें शस्त्र निराळें होतें. अमेरिकन कायद्याप्रमाणें ज्याच्या जमिनींत धातूच्या शिरेचें टोंक पृष्ठभागापाशीं येतें, त्याला ती शीर दुसऱ्याच्या जमिनीखालीं गेली तरी तिचा पाठलाग करण्याचा हक्क असतो. या कलमाच्या आधारें त्यानें दाव्यांवर दावे लावले. इकडे १८९९ सालीं डेलीचा धंदा स्टँडर्ड ऑइलच्या धनिकांनीं विकत घेतला होता. १९०३ च्या ऑक्टोबरांत न्यायाधीशानें हाइन्झ्येच्या बाजूनें निकाल देतांच या नव्या कंपनीनें आपल्या खाणी, भट्ट्या, सारें कांहीं बंद करून टाकलें. हिवाळा तोंडावर आला असतां हजारों कुटुंबें उघड्यावर पडलीं. अखेर राज्यपालांनीं विधिमंडळाची खास बैठक बोलावून कंपनीला हवा तसा कायदा करविला, तेव्हां काम पुन्हां सुरू झालें. कुलुपाची किल्ली कोणाच्या हातीं आहे, हें त्या दिवशीं राज्यांतील प्रत्येकाला कळून चुकलें. १९०६ सालीं हाइन्झ्येहि आपला वाटा विकून निघून गेला. पुढें ॲनाकोंडा कंपनी या नांवानें एकच सत्ता उरली. राज्यांतील बहुतेक मोठीं दैनिकें १९५९ पर्यंत तिच्याच मालकीचीं होतीं. माँटानाच्या गळ्यांत तांब्याचा पट्टा आहे, असें लोक म्हणत.

मजूर मात्र स्वस्थ बसले नव्हते. १८७८ सालींच त्यांनीं आपला संघ स्थापन केला होता, व जमिनीखालीं काम करणाऱ्या प्रत्येकाला रोज साडेतीन डॉलर मिळावेत, हा दंडक त्या संघानें दीर्घकाळ टिकविला. पाश्चात्य खाणकऱ्यांचा मोठा महासंघ १८९३ सालीं ब्यूटमध्येंच जन्मास आला. परंतु पुढें संघांतच दुफळी माजली. १९१४ सालीं संघाची इमारत सुरुंगानें उडविण्यांत आली आणि कांहीं काळ मजुरांची बाजू दुबळी पडली.

अशा वेळीं महायुद्ध आलें. तांब्याची मागणी भडकली व खाणी रात्रंदिवस चालूं लागल्या. ८ जून १९१७ च्या रात्रीं ग्रॅनाइट माउंटन खाणींत, आगीपासून बचाव करण्याच्या व्यवस्थेसाठींच, एक जाड वीजवाहक तार खालीं सोडण्यांत येत होती. ती निसटून खालीं पडली व तिचें तेलकट आवरण उघडें पडलें. पाहणी करावयास गेलेल्या अधिकाऱ्याच्या दिव्याची ज्योत त्या आवरणास लागली आणि खाणीची विहीर धुराड्यासारखी पेटली. माणसें शेजारच्या खाणींकडे धांवलीं. परंतु मधल्या काँक्रीटच्या भिंतींना कायद्यानें जीं दारें असावयास हवीं होतीं, तीं नव्हतीं. मॅनस डुगन नांवाच्या एका खाणकऱ्यानें सोबत्यांना एका बोगद्यांत घेतलें, विषारी वायु आंत येऊं नये म्हणून लांकडांचा व मातीचा बांध घातला आणि दीड दिवस त्यांना धीर दिला. त्याच्याबरोबरचे पंचवीसजण जिवंत बाहेर आले. तो स्वतः वांचला नाहीं. पत्नीला लिहिलेल्या चिठ्या तेवढ्या मागें राहिल्या. एकंदर १६८ माणसें मृत्यु पावलीं.

दुर्घटनेनंतर शहरांत मोठा संप झाला. संपकऱ्यांना उत्तेजन देण्यास आलेल्या फ्रँक लिट्ल या प्रचारकाला १ ऑगस्टच्या पहांटे बुरखेधारी माणसांनीं बिऱ्हाडांतून ओढून नेलें व रेल्वेच्या पुलाला फांशीं दिलें. त्याबद्दल कोणालाहि शिक्षा झाली नाहीं.

पुढील काळांत कंपनीनें दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत मोठ्या खाणी घेतल्या. ब्यूट हें तिच्या अनेक ठिकाणांपैकीं एक होऊन बसलें. टेकडींतील समृद्ध शिरा संपत आल्या होत्या. खालीं उरलेल्या खडकांत तांबें होतें, परंतु तें इतकें विरळ कीं बोगदे खणून काढणें परवडेना. म्हणून १९५५ सालीं कंपनीनें वरूनच डोंगर पोखरावयास आरंभ केला. ही बर्कली नांवाची उघडी खाण. यंत्रांनीं होणाऱ्या या कामाला माणसें थोडीं लागत आणि जागा फार लागे. खाण रुंदावत गेली तशा शहराच्या वस्त्याच तिच्या पोटांत जाऊं लागल्या. इटालियन खाणावळींसाठीं प्रसिद्ध असलेलें मीडरव्हिल गेलें, मॅक्वीन गेलें, पूर्व ब्यूट गेलें. क्लार्कनें १८९९ सालीं उभारलेली कोलंबिया गार्डन्स नांवाची बाग ही खाणकऱ्यांच्या मुलांची हक्काची जागा होती. तीहि १९७३ सालीं खाणकामासाठीं बंद करण्यांत आली. ज्या खाणीनें शहर वसविलें, तीच खाण आतां शहर खात होती. आणि खाऊं नको म्हणावें, तर रोजगार जाण्याची भीति. नागरिक या पेंचांत सांपडले.

अखेर रोजगारहि गेला. १९७१ सालीं चिली सरकारनें आपल्या तांब्याच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या व कंपनीचा कणा मोडला. १९७७ सालीं आर्को या तेलकंपनीनें तिला विकत घेतलें. १९८० सालीं ॲनाकोंडाच्या भट्ट्या विझल्या. १९८२ सालीं बर्कली खाण थांबली आणि त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत भूगर्भांतील पाणी उपसणारे पंपहि बंद झाले.

येथून या कथेचा सर्वांत बोधप्रद भाग सुरू होतो. टेकडीच्या पोटांत हजारों मैलांचे बोगदे होते. पंप थांबतांच तें सारें जाळें पाण्यानें भरूं लागलें व तें पाणी उघड्या खाणींत सांचलें. तेथील खडकांत लोह व गंधक यांचें मिश्र खनिज विपुल आहे. जोंवर तें खडकांत बंद होतें तोंवर निरुपद्रवी होतें. परंतु हवा व पाणी यांचा स्पर्श होतांच त्यापासून गंधकाम्ल तयार होतें, आणि तें अम्ल तांबें, जस्त, सोमल इत्यादि पदार्थ खडकांतून विरघळवून घेतें. अशा रीतीनें एक मैल लांब व अर्धा मैल रुंद अशा त्या खड्ड्यांत विषाचें सरोवर तयार झालें. १९९५ सालीं स्थलांतर करणारे हिमहंस तेथें उतरले व त्यांतील ३४२ मेलेले आढळले. २०१६ सालीं पुन्हां तोच प्रकार घडला. त्या वेळीं मेलेल्या पक्ष्यांची संख्या हजारोंवर गेली.

१९८० सालीं संयुक्त संस्थानांत असा कायदा झाला होता कीं, जमीन व पाणी ज्यांनीं दूषित केलें असेल, त्यांनीं अथवा त्यांच्या वारसदार कंपन्यांनीं तें स्वच्छ करून द्यावें. तीन वर्षांपूर्वी खाणी विकत घेणाऱ्या तेलकंपनीच्या पदरीं शंभर वर्षांचें देणें येऊन पडलें. २००३ सालीं ब्यूटमध्यें पाणी शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. सरोवराची पातळी ठराविक मर्यादेवर गेली, तर विषारी पाणी भोंवतालच्या झऱ्यांत व ओढ्यांत उतरण्याचा धोका आहे. म्हणून २०१९ पासून तेथील पाणी उपसून, शुद्ध करून ओढ्यांत सोडण्यांत येतें. हें काम कांहीं वर्षांत संपणारें नाहीं. जोंवर डोंगरांत पाणी झिरपत राहील, तोंवर तें करीतच राहावें लागेल.

ब्यूट मेलें मात्र नाहीं. १९८६ सालीं दुसऱ्या एका कंपनीनें शेजारच्या खाणींत काम पुन्हां सुरू केलें. १९०० सालीं उघडलेली खाणविद्येची शाळा वाढत जाऊन विद्यापीठ झाली आहे. बेकारीच्या काळांत स्थानिक कारागिरांनीं लोकवर्गणींतून व स्वतःच्या श्रमानें पर्वतधारेवर मेरीमातेची नव्वद फूट उंच मूर्ति उभारली. ती १९८५ सालीं पूर्ण झाली. जुन्या खाणींवरचे काळे लोखंडी सांगाडे आतां इतिहासाच्या खुणा म्हणून जपले जातात. शहर व परगणा मिळून २०२० च्या शिरगणतींत वस्ती सुमारें पस्तीस हजार भरली.

शेतांतून एक पीक काढलें तर दुसरें येतें. खाणीला दुसरें पीक नसतें. तेव्हां खाणींतून निघणारा पैसा हें उत्पन्न नसून मुद्दल आहे, आणि जें गांव मुद्दलाला उत्पन्न समजून चालतें त्याच्या हातीं शेवटीं खड्डा उरतो, हा ब्यूटच्या इतिहासाचा साधा हिशेब आहे. टेकडीचें मुद्दल न्यूयॉर्कच्या पेढ्यांत गेलें, चिलीच्या खाणींत गुंतलें, ताम्रसम्राटांच्या वाड्यांवर खर्च झालें. शहराच्या भविष्यासाठीं त्यांतून फारच थोडें बाजूला पडलें. पडलें त्यांतील खाणविद्येची शाळा आजहि शहराला पोसते. तांबें नेणारे निघून गेले. पाणी उपसणारे पंप मात्र रात्रंदिवस चालू आहेत.