आपल्याच गावची गोष्ट पुस्तकात : कोकणातल्या लेखकांच्या कादंबऱ्या तरुण पोरांना का आवडतात आणि सुरुवात कुठून करावी

कुडाळ : "आताची पोरं वाचत नाहीत," हे वाक्य गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात एकदा तरी ऐकायला मिळतं. ते पूर्ण खरं नाही. पोरांच्या हातात चुकीचं पुस्तक दिलं की ती वाचत नाहीत, हे जास्त खरं. ज्या पुस्तकात आपली नदी, आपला देव, आपली बोली आणि आपल्यासारखीच भांडणं सापडतात, ते पुस्तक बारावी झालेला पोरगाही दोन-चार रात्रीत संपवतो. असे लेखक आपल्या कोकणाला भरपूर मिळाले. ते कोण, त्यांची पुस्तकं पोरांना का धरून ठेवतात आणि ती मिळतात कुठे, हे या लेखात पाहू.

ओळखीचं गाव असलं की अर्धं काम झालं

कुठलीही कादंबरी उघडली की पहिली वीस-पंचवीस पानं जड जातात. गाव कसं आहे, माणसं कोण, घराची रचना कशी, हे सगळं डोक्यात उभं करावं लागतं. इथेच बरीच पोरं पुस्तक मिटून ठेवतात. पण पडवी, माजघर, खळं, मांगर, पाणंद हे शब्द आले की आपल्या पोराला चित्र उभं करावं लागत नाही. तो त्याच घरात वाढला आहे.

जयवंत दळवींचं गाव वेंगुर्ला तालुक्यातलं आरवली, वेतोबाचं. त्यांचं 'सारे प्रवासी घडीचे' 1964 सालचं, आणि आजही वाचताना हसू आवरत नाही. गावात एकेक नमुना माणूस असतो ना, तशी माणसं त्यात ओळीने भेटतात. आपल्या पोरांना मजा येते ती याची, की असा माणूस आपल्याही वाडीत आहे.

चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई इथले. 'आरती प्रभू' नावाने कविता लिहिणारे तेच. त्यांची 'कोंडुरा' ही कादंबरी 1966 सालची. वायंगणीजवळचा कोंडुरा तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. तिथल्या समुद्राचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला त्या कादंबरीतली भीती समजावून सांगावी लागत नाही. राखणदार, देवचार, देवाला घातलेलं गाऱ्हाणं या गोष्टी बाहेरच्या वाचकाला नवलाच्या वाटतात. आपल्याकडे अजूनही मिरग लागण्याआधी शेतात राखणदाराला नारळ ठेवला जातो.

बोलीची लाज गेली

पूर्वी शाळेत मालवणी बोललं की मास्तर ओरडायचे. "शुद्ध बोल" म्हणायचे. त्यामुळे "माका", "तुका", "खय" हे शब्द घरातच ठेवायचे असतात, असं आमच्या पिढीच्या डोक्यात बसलं. 'वस्त्रहरण' नाटकाने ही लाज पहिल्यांदा घालवली. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं आणि मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेलं हे नाटक 1980 पासून रंगभूमीवर आलं. पुढे 2016 मध्ये आकेरीत चित्रीत झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' मालिकेने मालवणी घराघरात नेली.

आजची पोरं इन्स्टाग्रामवर मालवणीत रील करतात. त्यामुळे पुस्तकात बोली आली की ती अडखळत नाहीत, उलट मोठ्याने वाचून दाखवतात. एखादा शब्द अडलाच तर घरात आजी आहे. जुने शेतीचे, भांड्यांचे, देवकार्याचे कितीतरी शब्द आता फक्त तिलाच माहीत आहेत. पोराने विचारल्याशिवाय ती ते सांगणार नाही, आणि पुस्तक वाचल्याशिवाय पोरगा विचारणार नाही.

खोत, कूळ आणि आपला सातबारा

पण या कादंबऱ्या नुसत्या गमतीसाठी नाहीत. आपल्या गावातल्या आजच्या बऱ्याच भांडणांचं मूळ त्यांत सापडतं.

इथे जरा उत्तरेकडे जाऊ. 1 मे 1981 पर्यंत सिंधुदुर्ग हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे दापोली-खेडची गोष्ट आपल्याला परकी नाही. श्री. ना. पेंडसे हे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. त्यांची 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी 1987 साली आली. खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी तुंबाड आहे. तिथल्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची चढती आणि उतरती कमान या कादंबरीत आहे.

खोत म्हणजे काय, हे आज वीस वर्षांच्या पोराला माहीत नसतं. सरकारचा शेतसारा गावातून गोळा करून देणारा तो खोत. जमीन कसणारी कुळं त्याच्या हाताखाली. पिकाचा मोठा वाटा त्याच्याकडे जायचा आणि वर वेठही असायची. ही पद्धत मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्यानंतर. कूळ कायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली.

आता आपला सातबारा काढून बघा. वीस-वीस नावं, अर्धी मुंबईला, काही वारलेली, आणि कोपऱ्यात कुळाची जुनी नोंद. ही गुंतागुंत कुठून आली, हे तलाठी कार्यालयात कुणी समजावून सांगत नाही. कायद्याचं पुस्तक वाचून ते कळेलच असंही नाही. चार पिढ्यांची गोष्ट वाचली की जमीन कशी आली, कशी वाटली गेली आणि कशी हातची गेली, हे डोळ्यासमोर येतं. उद्या कुणी जमिनीसाठी दारात पैसे घेऊन आला, तर सही करण्याआधी असा पोरगा चार प्रश्न जास्त विचारेल.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या जुन्या कादंबऱ्यांतला कॅमेरा बहुतेक वेळा वरच्या आळीतल्या घरात असतो. खालच्या वाडीतून गाव कसं दिसतं, ते वाचायचं असेल तर ऊर्मिला पवार वाचा. त्या रत्नागिरीजवळच्या. 'सहावं बोट' आणि 'चौथी भिंत' हे त्यांचे कथासंग्रह. 'आयदान' हे त्यांचं आत्मकथन 2003 चं. ती कादंबरी नव्हे, पण बांबूची आयदानं विणून घर चालवणाऱ्या आईची हकीकत एकदा हातात घेतली की ठेववत नाही. दोन्ही बाजू वाचल्या तरच गाव पुरतं कळतं.

सुरुवात कुठून करावी?

जाड पुस्तकाने सुरुवात केली तर पोरगा पळून जाईल. म्हणून हा क्रम सोयीचा :

1. आठवी-नववीसाठी : साने गुरुजींची 'श्यामची आई'. गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे लिहिलं. एका रात्रीला एक गोष्ट, त्यामुळे रोज थोडं वाचता येतं.

2. दहावी-बारावीसाठी : 'सारे प्रवासी घडीचे'. मधलंच पान उघडलं तरी चालतं.

3. कॉलेजच्या पोरांसाठी : पेंडसेंची 'गारंबीचा बापू' (1952). गावाने वाया गेलेला ठरवलेला बापू आणि त्याची राधा. गावाशी टक्कर घेणारा हा हिरो आजच्या पोरांनाही आपला वाटतो.

4. मुलींनी आणि आयांनीही : 'रथचक्र' (1962). मुलाला शिकवायचंच म्हणून एकत्र कुटुंब सोडून बाहेर पडणाऱ्या बाईची गोष्ट. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली.

5. सवय झाल्यावर : खानोलकरांच्या 'कोंडुरा' आणि 'चानी'. भाषा दाट आहे, विषय कठीण आहे. लहान मुलांच्या हातात देऊ नयेत.

6. आजचं कोकण बघायला : सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर यांची 'चाळेगत'. त्यांच्याच 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' या कादंबरीला 2022 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्यातच फिरणारा लेखक आहे. कॉलेजने बोलावलं तर पोरांना थेट प्रश्न विचारता येतील.

सिनेमावरून पुस्तकाकडे

पोरं आधी सिनेमा बघतात, मग पुस्तक शोधतात. त्यात वावगं काही नाही. 2018 चा 'तुंबाड' सिनेमा 2024 मध्ये पुन्हा थिएटरला लागला. ज्यांना कादंबरी शोधायची आहे त्यांनी लक्षात ठेवावं : नाव पेंडसेंच्या कादंबरीवरून आलं असलं तरी गोष्ट वेगळी आहे. सिनेमातला हस्तर कादंबरीत कुठेच नाही. 'चानी'वर व्ही. शांताराम यांनी 1977 मध्ये चित्रपट केला. श्याम बेनेगल यांनी 1978 मध्ये 'कोंडुरा' हिंदी आणि तेलुगूत आणला. आधी सिनेमा आणि मग पुस्तक, असं करून दोन्हींत फरक काय, यावर कॉलेजात तासभर चर्चा सहज रंगते.

पुस्तक मिळणार कुठे?

पहिलं ठिकाण आपलं गावचं किंवा तालुक्याचं वाचनालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा आहे आणि मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे ते आपल्याच पैशाने चालतं. थोडी अनामत आणि किरकोळ वर्गणी भरली की सभासद होता येतं. हवं ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांकडे लेखी मागणी द्या. कुणी मागितलंच नाही, तर त्या पुस्तकाची खरेदी होणार तरी कशी?

दुसरं ठिकाण मोबाइल. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या कायद्यानुसार लेखक वारल्यानंतर 60 वर्षं पुस्तकाचे हक्क राहतात. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन आता सर्वांना खुलं आहे. 'श्यामची आई' मराठी विकिस्रोतावर मोफत वाचता येते. पण खानोलकर 1976 मध्ये, दळवी 1994 मध्ये आणि पेंडसे 2007 मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांच्या ज्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात, त्या चोरीच्या आहेत. त्या पुढे पाठवू नका. पुस्तक विकलं गेलं नाही तर प्रकाशक नवी आवृत्ती काढत नाही, आणि मग ते कुणालाच मिळत नाही.

गणपतीला येताना

चाकरमानी गणपतीला येताना मिठाईचे बॉक्स घेऊन येतात. यंदा त्यांना एक पुस्तक आणायला सांगा. दादर-गिरगावात ही पुस्तकं मिळतात. आरत्या झाल्यावर खळ्यात बसून कुणीतरी एक प्रकरण मोठ्याने वाचायचं. घरात तीन पिढ्या एकत्र असण्याचे तेच मोजके दिवस. जुना शब्द आला की म्हातारी माणसं अर्थ सांगतील, आणि जुन्या घराची एखादी हकीकतही त्यातून निघेल.

गावागावात घरांना कुलपं लागत आहेत, हे आपण सगळे बघतो. पुस्तकं वाचून कुलूप निघणार नाही. पण या घराची गोष्ट काय होती हे ज्या पोराला माहीत आहे, तो ते घर विकताना दहा वेळा विचार करेल. म्हणून या आठवड्यात आपल्या वाचनालयात जाऊन एवढंच बघा, की वरच्या यादीतली किती पुस्तकं कपाटात आहेत.